किल्लीदार क्रमांक चार

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०४२. दुपारी चार वाजून सात मिनिटांनी किल्लीदार क्रमांक चारची किल्ली थांबली.

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दुमजली घराच्या मागच्या खोलीत प्रणिता मगदूम यांनी मनगटपट्टीच्या काचेवर अंगठा टेकवला. काचेवर दोन ओळी उमटल्या : 'किल्ली तयार होत नाही. धारक दबावाखाली आहे.' खोलीचे दार आतून बंद होते. दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशी, त्यांचे पती प्राध्यापक सन्मती मगदूम दाराकडे तोंड करून बसले होते. ते काही बोलत नव्हते. गेले बारा दिवस ते घरात काहीच बोलले नव्हते.

सहा वाजेपर्यंत निर्णय नोंदवायचा होता. प्रश्न पूर्व किनाऱ्यावरच्या चार जिल्ह्यांचा होता. बंदर कामगारांचा संप चिघळल्यावर, ३ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजता, केंद्र सरकारने या जिल्ह्यांतले फोन आणि इंटरनेट बंद केले आणि जिल्ह्याबाहेर जाण्यावर बंदी घातली. असा आदेश सरकार स्वतःच्या अधिकारात फक्त पंधरा दिवस चालवू शकत होते. सरकारला आणखी नव्वद दिवस हवे होते. त्यासाठी पाचपैकी तीन किल्ल्या लागत होत्या.

सहा वर्षांपूर्वीच्या घटनादुरुस्तीने ही व्यवस्था आली. त्याआधीही सरकारच्या अधिकाराला मर्यादा होत्या, पण त्या कागदावर होत्या. सरकारने मर्यादा ओलांडली की कुणीतरी न्यायालयात जायचे, आणि निकाल लागेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जायचे. दुरुस्तीनंतर मर्यादा यंत्रातच बसवली गेली. मुदतवाढीच्या आदेशाला एक गुप्त आकडा जोडल्याशिवाय देशातले एकही दूरसंचार केंद्र तो पाळत नसे, आणि हा आकडा पूर्ण असा कुणाकडेच नसे.

त्यामागचे गणित शाळेतले आहे. दोन बिंदू ठाऊक असतील तर त्यांतून जाणारी सरळ रेषा एकच असते. एकच बिंदू ठाऊक असेल तर अगणित रेषा काढता येतात आणि हाती काही लागत नाही. उभ्या परवलयाला, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारख्या वक्राला, असे तीन बिंदू लागतात. गुप्त आकडा म्हणजे परवलय जिथे उभ्या अक्षाला छेदते ती जागा. परवलयावरचे पाच बिंदू पाच नागरिकांना वाटून दिलेले असतात. कोणतेही तिघे एकत्र आले की आकडा सापडतो. दोघे आले तर सरकारला, त्यांना स्वतःला किंवा जगातल्या कोणत्याही संगणकाला काही सापडत नाही.

हे पाच नागरिक मतदारयादीतून सोडतीने निवडले जात. त्यांची नावे गुप्त असत, फक्त घरच्यांना ठाऊक असत. ते एकमेकांनाही क्रमांकाने ओळखत.

चाचणीच्या काळात एका किल्लीदाराच्या मुलाला पळवून नेऊन सही घेतली गेली होती. म्हणून अभियंत्यांनी किल्ली शरीराला बांधली. पट्टी घामातली तणावाची द्रव्ये आणि नाडीची लय सतत मोजते. पहिल्या चाळीस दिवसांत ती त्या माणसाचा नेहमीचा आकडा शिकते. दाब-अंक साठच्या वर गेला आणि तिथेच राहिला तर किल्लीचा तुकडा तयारच होत नाही. नकार नोंदवायलाही हाच तुकडा लागतो. तसे नसते, तर एखाद्याला डांबून ठेवून आदेश पाडता आला असता. किल्ली थांबली की चौकशी होते, आणि अठ्ठेचाळीस तासांची मुदत मिळते. त्या अठ्ठेचाळीस तासांत आदेश चालू राहतो.

चार वाजून सात मिनिटांनी प्रणिता मगदूम यांचा दाब-अंक एकाहत्तर होता. दाब आहे एवढे पट्टीला कळते. तो कुणाचा आहे, हे कळत नाही.

*

सोडतीचे पत्र मार्चमध्ये आले होते. लिफाफ्यावरच्या खिडकीतून 'मगदूम' एवढेच दिसत होते, म्हणून सन्मतींनी तो फोडला. पत्र उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून बसले आणि नाव पुन्हा वाचले.

"प्रणिता, तुझं काहीतरी आलंय."

"विम्याचं असेल. ठेवा तिथं."

"विम्याचं नाही. देशाचं आहे."

सन्मती सांगलीच्या विधी महाविद्यालयात चोवीस वर्षे राज्यघटना शिकवत होते. प्रणिता मिरजेच्या एका रुग्णालयातल्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होत्या. त्यांनी हात पुसून पत्र वाचले आणि विचारले, "मग तुमचं नाव का नाही घातलं त्यांनी? तुम्हाला सगळं पाठ आहे की."

"घालता येत नाही. वकील, कायद्याचे शिक्षक, सरकारी नोकर, यांना सोडतीतून वगळलंय."

"हे कुणी ठरवलं?"

दुरुस्तीच्या मसुद्यावर सूचना मागवल्या होत्या तेव्हा वगळण्याच्या बाजूने सर्वांत सविस्तर लेख सन्मतींनीच लिहिला होता. 'ज्याला कायदा ठाऊक आहे तो पळवाट आधी बघतो,' हे त्यातले वाक्य समितीच्या अहवालात उद्धृत झाले होते. ते कात्रण त्यांनी जपून ठेवले होते.

"ठरवलंय कुणीतरी," ते म्हणाले. "बरोबरच आहे ते."

संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला नियमावली समजावून सांगितली. नियम नऊ तर दोनदा वाचून दाखवला : घरातील कोणीही व्यक्ती किल्लीदाराशी प्रलंबित प्रकरणाबद्दल बोलणार नाही, विचारणार नाही, सुचवणार नाही. त्याखाली त्यांनी सही केली. आयुष्यात इतकी वळणदार सही मी केली नव्हती, असे त्यांनी पुढे चौकशीत सांगितले.

आठ महिने काही घडले नाही. मग बंदराचे प्रकरण आले आणि ४ नोव्हेंबरपासून रोज सकाळी आठ ते नऊ मागच्या खोलीचे दार बंद होऊ लागले. त्या दिवसांत प्रणितांनी पेढीतून दुपारनंतरची रजा घेतली होती. पाच किल्लीदार भाषांतर-यंत्रावरून एकमेकांशी बोलत. प्रणितांच्या कानात यंत्र असे, त्यामुळे बाहेर काही ऐकू येत नसे. फक्त प्रणितांचे हसणे येई.

"हसायचं काय असतं त्यात?" दुसऱ्या दिवशी सन्मतींनी विचारले.

"आमचे दोन नंबर फार विनोदी आहेत."

"दोन नंबर म्हणजे बाई की माणूस?"

"ते सांगायचं नसतं ना? तुम्हीच वाचून दाखवलंत," असे म्हणून प्रणिता डबा भरायला गेल्या. बावीस वर्षांच्या संसारात तिला हसवणारे वाक्य आपण शेवटचे कधी बोललो, याचा सन्मतींनी त्या दिवशी विचार केला. त्यांना २०३८ सालचे एक आठवले. तेही नक्की नव्हते.

*

गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, किल्लीदारांनी सरकारला विचारलेले प्रश्न प्रसिद्ध झाले. नावांशिवाय, फक्त क्रमांकाने. क्रमांक एकचे तेरा प्रश्न होते. क्रमांक चारचा एकच होता.

सन्मतींनी तो तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवला. 'नव्वद दिवस संपल्यावर आदेश आपोआप संपेल, की कुणाला तो संपवावा लागेल? मुदत संपलेली वस्तू चांगली दिसते म्हणून ठेवून घेण्याचा मोह ज्याला होऊ शकतो, त्याच्याच हाती ती टाकून देण्याचं काम असू नये. टाकणारा माणूस कोण?'

"पानभर कलमं लिहिणारे पुष्कळ असतात," सन्मती म्हणाले. "ह्या माणसाने दोन ओळींत मसुद्यातलं भोक दाखवलंय. आदेशात समाप्तीचं कलमच नाही. माझ्याही नजरेतून सुटलं होतं."

"सर, यांना आपल्याकडे व्याख्यानाला बोलवू या," मागच्या बाकावरून कुणी म्हणाले.

"नाव कळलं तर मी स्वतः आणायला जाईन."

मगदूमांच्या घरी दिवस मावळण्याआधी जेवायची पद्धत आहे. सन्मतींचे आजोबा पाळत, वडील पाळत, हेही पाळत. नोव्हेंबरात पाने साडेपाचला पडतात. त्या संध्याकाळी प्रणितांनी वाढता वाढता खोकल्याच्या औषधाची एक बाटली उजेडात धरली आणि कचऱ्यात टाकली.

"अर्धी भरलेली होती की ती," सन्मती म्हणाले.

"मुदत संपली."

"दिसत तर चांगली होती."

"तुमच्यासारखीच माणसं येतात पेढीत. म्हणतात, सिस्टर, पिशवी चांगली दिसतेय, मुदत संपून एकच दिवस तर झालाय. म्हणून आमच्याकडे रक्त देणारा वेगळा आणि मुदत संपलेलं टाकणारा वेगळा. देणाऱ्याला मोह होतो."

सन्मतींच्या हातातला घास हातात राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिले. त्या पोळीला तूप लावत होत्या.

ते जेवण त्यांनी पुरे केले, ताट उचलून ठेवले आणि त्यानंतर ते घरात बोलले नाहीत.

याचे कारण त्यांनी स्वतःला नियम नऊ असे दिले. आता आपल्याला ती कितवी आहे हे कळले आहे, तेव्हा कोणताही शब्द प्रकरणाला चिकटू शकतो. फक्त दुधाबद्दल आणि वीजबिलाबद्दल बोलावे, तर कशाबद्दल बोलत नाही हेच उघडे पडेल. मग काहीच न बोलणे हे नियमाचे काटेकोर पालन ठरते. युक्तिवाद निर्दोष होता. नियम मार्चपासून लागू होता आणि मौन त्या जेवणापासून सुरू झाले, एवढीच अडचण होती.

सरकारने ९ तारखेला मसुद्यात समाप्तीचे कलम घातले. टिपणात लिहिले होते : 'किल्लीदार क्रमांक चार यांच्या प्रश्नावरून.' सन्मती ते टिपण टेबलावर उघडे ठेवून कॉलेजला गेले. परत आले तेव्हा ते घडी घालून वर्तमानपत्रांच्या रद्दीत ठेवलेले होते. प्रणितांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी फुशारकी मारली असती तर बरे झाले असते, असे सन्मतींना वाटले.

१३ तारखेला प्रणितांनी विचारले, "माझं काही चुकलंय का?" उत्तर आले नाही. १५ तारखेला त्या म्हणाल्या, "निदान भाजीत मीठ जास्त झालंय एवढं तरी म्हणा." मीठ खरेच जास्त होते. सन्मतींनी भाजी संपवली.

सकाळी आठ वाजता मात्र बंद दाराआडून हसू यायचे.

*

किल्ल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मर्यादा आयोगाच्या चौकशी अधिकारी यास्मिन मुजावर कोल्हापूरहून मंगळवारी साडेसहाला पोहोचल्या. टेबलावर दोन ताटे वाढलेली तशीच होती. सूर्य मावळून गेला होता. आता कुणी जेवणार नव्हते.

बाकीच्या चौघांची नोंद झाली होती. तरी आदेश ना वाढला ना पडला. म्हणजे दोन होकार आणि दोन नकार. हे सन्मतींनी मुजावरांच्या आधी, फोनवरच्या सार्वजनिक फलकाकडे एकदा पाहून ओळखले. चार जिल्ह्यांतल्या एकतीस लाख लोकांचे पुढचे नव्वद दिवस मागच्या खोलीतल्या एका अंगठ्यावर येऊन थांबले होते.

"प्रणिताताई, कुणी धमकी दिली?" मुजावरांनी विचारले.

"नाही."

"फोन, पत्र? पेढीत कुणी भेटायला आलं?"

"नाही."

"घरात कुणी काही बोललं?"

"घरात कुणी काहीच बोललेलं नाही. बारा दिवस."

"नियम नऊ," सन्मती म्हणाले. बारा दिवसांत घरात न वापरलेला आवाज खरखरीत निघाला. "मी एक अक्षर बोललेलो नाही. तुम्ही तपासून घ्या."

"तेच सांगतेय मी त्यांना," प्रणिता म्हणाल्या.

मुजावरांनी टेबलावर एक कागद पसरला. त्यावर मनगटपट्टीने पंधरा दिवस आखलेली रेषा होती. पहिले तीन दिवस ती तिशीच्या आसपास सपाट होती. सहा तारखेच्या संध्याकाळपासून तिला दात फुटले होते. रोज सकाळी आठ ते नऊ ती खाली यायची. दुपारी सव्वाएकला वर चढायची.

"सव्वाएकला काय होतं?"

"माझी गाडी फाटकात येते," सन्मती म्हणाले.

"आणि साडेपाचला? हे सगळ्यांत उंच आहे."

"जेवण."

कागद सन्मतींच्याच समोर होता. त्यांचे बोट आठ ते नऊच्या खळग्यावर गेले. अकरा तारखेला तिथे आकडा चोवीस होता. चोवीस संपूर्ण कागदावर दुसरीकडे कुठेही नव्हता, झोपेतसुद्धा.

"त्या दिवशी दोन नंबरनी काय सांगितलं एवढं?"

"सर," मुजावर म्हणाल्या, "हा प्रश्न मी ऐकला नाही असं धरते."

मग त्यांनी पर्याय सांगितले. दाबाचे मूळ ठरले आणि ते घरातून दूर झाले, तर आकडा उतरेल आणि गुरुवारी सहापर्यंत किल्ली तयार होऊ शकेल. मूळ ठरले नाही तर क्रमांक चार रद्द. नवी सोडत, नवा किल्लीदार. त्याला किमान चाळीस दिवस.

"तोवर आदेश चालूच?" प्रणितांनी विचारले.

"चालू."

"तिकडच्या रक्तपेढ्यांना एकमेकींना फोन करता येत नाही. दुर्मीळ गट कुठे शिल्लक आहे ते..."

"ताई, प्रकरणाबद्दल इथं नको."

प्रणितांनी समोरच्या थंड ताटावर झाकण ठेवले. मग दुसऱ्यावर ठेवले.

"मूळ कसं ठरतं?"

"एक तर तुम्ही नाव घ्यायचं. नाहीतर त्या माणसाने स्वतः जबाब द्यायचा. हेतू नव्हता असं धरलं तर तुरुंग नाही. पाच वर्षं घटनेशी संबंधित शिकवण्याचं किंवा सल्ल्याचं काम नाही. आणि निर्णय होईपर्यंत घरात राहायचं नाही."

"मी नाव घेणार नाही," प्रणिता म्हणाल्या. "माणूस गप्प राहिला म्हणून त्याची नोकरी घालवायची? मी वर गच्चीवर जाऊन झोपते दोन रात्री. उतरेल आकडा. नाही उतरला तर करा रद्द मला."

सन्मतींनी जबाब का दिला, याचे उत्तर चौकशीच्या कागदात 'कर्तव्यभावनेने' असे आहे. ते पूर्ण खरे नाही. एकतीस लाख माणसे त्यांच्याही डोळ्यांपुढे होती. पण त्याच टेबलावर, एका अनोळखी बाईसमोर, बायकोने आपल्याला माफ करावे, आणि तेही इतक्या सहज, झाकण ठेवता ठेवता, हे त्यांना सहन झाले नाही. प्रश्न तिने विचारला होता. कलम तिने घालायला लावले होते. आता मोठेपणाही तिच्याच वाट्याला जाणार होता.

"कागद द्या," ते म्हणाले.

जबाब त्यांनी स्वतः लिहिला. 'मी पत्नीच्या निवडीबद्दल आणि तिच्या प्रश्नाबद्दल असूया धरली. मौन हे त्या असूयेचे रूप होते. नियमाचा आधार मी नंतर शोधला.' तीन वाक्ये. मुजावरांनी ती वाचली आणि खालचा छापील मजकूर त्यांना दाखवला : किल्लीदाराचा निर्णय नोंदवला जाईपर्यंत जबाब मागे घेता येईल. मागे घेतल्यास दाबाचे मूळ अनिश्चित धरले जाईल आणि किल्ली तत्काळ थांबेल.

"म्हणजे तोपर्यंत किल्ली माझ्या हातात," सन्मती म्हणाले.

कुणी हसले नाही.

निघताना ते दारात थांबले. प्रणितांनी त्यांची रक्तदाबाची गोळी आणि दोन सदरे पिशवीत घातले होते.

"खायला काही मिळणार नाही आता," त्या म्हणाल्या. "सकाळी तरी वेळेवर खा."

"तूही झोप."

कागदावरचा तो एक प्रश्न सोडला, तर बारा दिवसांतले तिच्याशी बोललेले ते पहिले दोन शब्द होते.

*

ती झोपली. कॉलेजच्या अतिथिगृहात बुधवारी दुपारी मुजावरांचा निरोप आला. जबाब देणाऱ्याला आकडे कळवावे लागतात, असा नियम आहे. रात्री साडेअकरा : सत्तावन्न. पहाटे चार : एकेचाळीस. सकाळी नऊ : तेहतीस. आकडा सलग अठरा तास साठच्या खाली राहिला की पुन्हा एक दिवस पडताळणी, आणि मग किल्ली.

सन्मतींनी ते आकडे वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिले. आपण घराबाहेर पडल्यापासून प्रत्येक तासाला साधारण अडीच, असा हिशेब निघाला. बावीस वर्षांचा संसार इतक्या नीट मोजता येईल असे त्यांना वाटले नव्हते. ते स्वतः त्या रात्री झोपले नव्हते.

बुधवारी प्राचार्यांनी त्यांचे तास काढून घेतले. गुरुवारी सकाळी तिसऱ्या वर्षाचा वर्ग त्यांच्या खिडकीसमोरून गेला. काहींनी वर पाहिले. आठ वाजता सन्मतींनी घड्याळ पाहिले. किल्लीदारांची बैठक आता बंद होती, चौघांचे निर्णय झाले होते. तरीही त्यांनी नऊ वाजेपर्यंत घड्याळ पाहिले.

गुरुवारी, २० नोव्हेंबरला, संध्याकाळी सव्वापाचला त्यांच्या खोलीत ताट आले. भाजीत मीठ कमी होते. त्यांनी दोन घास घेतले आणि फोनवर सार्वजनिक फलक उघडला. पहिल्या तीन क्रमांकांपुढे आणि पाचपुढे 'नोंद' होते. चारपुढे 'पडताळणी' होते.

पाच वाजून बावन्न मिनिटांनी ते बदलले. चारपुढे 'तयार' आले.

ती होकार देणार की नकार, हे सन्मतींना ठाऊक नव्हते. दोन आठवडे एका टेबलावर जेवूनही त्यांना त्याचा अंदाज नव्हता. दोन नंबरला कदाचित होता.

पाच वाजून चोपन्न मिनिटांनी त्यांनी जबाब मागे घेण्याचा आयोगाचा अर्ज उघडला. त्यात कारण लिहिण्याची जागा नव्हती. फक्त सहीची होती. बाहेर मैदानाच्या पलीकडे सूर्य झाडांना टेकला होता आणि ताट अजून भरलेले होते.

उपलब्ध असलेली शेवटची नोंद पाच वाजून सत्तावन्न मिनिटांची आहे. विश्रामबागेत, मागच्या खोलीत, क्रमांक चारचा दाब-अंक एकतीस. किल्ली तयार, निर्णयाची नोंद नाही. अतिथिगृहातल्या फोनवर अर्ज उघडा, सहीची जागा रिकामी. चार जिल्ह्यांत फोन बंद.